क्लिअरन्सच्या वाटेवर असलेल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नॉर्दर्न व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधल्या मराठी मंडळींना,

स. न. वि. वि.

यंदा गणपतीत आरती झाल्यावर जेवणाच्या रांगेत उभी होते. पुढे दोघे बोलत होते. एकाला नुकतंच नागरिकत्व मिळालेलं. सरकारी कंत्राटं घेणाऱ्या एका कंपनीची ऑफर हातात होती, पण सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारी गुपितं हाताळायची परवानगी, मिळाला तरच नोकरी, अशी अट. गडी धास्तावलेला होता. दुसरा मसालेभाताचा डाव हातात धरून त्याला म्हणाला, "अरे, आपल्याला कसली भीती? जुगार खेळत नाही, दारूचे गुत्ते चालवत नाही. कर्ज म्हणशील तर घराचं, ते सगळ्यांनाच आहे. आपण अंथरूण पाहून पाय पसरणारी माणसं!" रांगेतल्या आणखी दोघांनी माना डोलावल्या.

मी गप्प राहिले. वाढून घेतलं आणि कोपऱ्यातली खुर्ची गाठली. २०२० साली माझा क्लिअरन्स याच कारणावरून, म्हणजे पैशाच्या व्यवहारावरून, नाकारला गेला होता. त्या हॉलमध्ये हे माहीत असलेली माणसं तीन, त्यातला एक माझा नवरा. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही जमलं, म्हणून आता लिहिते आहे. नवऱ्याला विचारूनच लिहिते आहे, हेही सांगून ठेवते.

आधीच स्पष्ट करते, मी सीपीए, म्हणजे इथली चार्टर्ड अकाउंटंट, नाही, वकील नाही. डेटाबेस सांभाळण्याचं काम करते. पण जो रस्ता अनवाणी चालून आले त्यातले खड्डे मला पाठ आहेत.

क्लिअरन्ससाठी एसएफ ८६ नावाचा फॉर्म भरावा लागतो. शंभरावर पानांचा. त्यातला सव्विसावा विभाग पैशाचा. दिवाळं काढलंय का, जुगारात बुडालात का, कुठलं कर्ज १२० दिवसांच्या वर थकलंय का, कोणी वसुलीला लावलंय का, घरावर जप्ती आली का, असे प्रश्न एकामागून एक येतात. बहुतेकांचा काळ सात वर्षांचा. आपल्यापैकी जवळजवळ सगळे हे प्रश्न 'नाही, नाही, नाही' करत पटापट ओलांडतात. त्यातच एक प्रश्न आहे: गेल्या सात वर्षांत कायद्याने भरायला हवं असलेलं टॅक्स रिटर्न भरायचं राहिलं का, किंवा टॅक्स भरायचा राहिला का? फेडरल, राज्याचा, इतर कुठलाही.

उत्तरं तपासायचे नियम जून २०१७ पासून लागू असलेल्या 'सीड ४' या निर्देशात आहेत. ए पासून एम पर्यंत तेरा शीर्षकं. परदेशाशी लागेबांधे, दारू, अंमली पदार्थ, गुन्हे वगैरे. त्यातलं एफ म्हणजे आर्थिक बाबी. त्यामागचा विचार असा, की ज्याला स्वतःचे हप्ते आणि स्वतःची देणी सांभाळता येत नाहीत, तो देशाची गुपितं सांभाळेल याची खात्री काय? शिवाय गळ्यापर्यंत कर्जात रुतलेला माणूस विकला जाऊ शकतो. हे काही हवेतलं नाही. नौदलातला जॉन वॉकर साउथ कॅरोलायनातल्या आपल्या तोट्यातल्या बारच्या पायी सोव्हिएत वकिलातीच्या दारात गेला आणि १९८५ मध्ये पकडला जाईपर्यंत गुपितं विकत राहिला. सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स घटस्फोटाच्या आणि कर्जाच्या ओझ्याखाली त्याच वाटेने गेला. पुढे त्याने इथेच आर्लिंग्टनमध्ये ५ लाख ४० हजार डॉलर रोख मोजून घर घेतलं, तरी १९९४ पर्यंत त्याला कोणी धरलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, आपला नि या लोकांचा संबंध काय? मीही तेच म्हणाले होते.

आमच्या घरी टॅक्स नवरा बघायचा. मी आयुष्यभर पगारी नोकर, माझा टॅक्स पगारातूनच कापला जायचा, त्यामुळे त्या विषयाचं ओझं मला कधी वाटलं नाही. ई-फाइलची सही म्हणजे पाच आकड्यांचा पिन, तोही त्यालाच माहीत. २०१३ मध्ये नागरिकत्वाच्या अर्जात टॅक्सबद्दल विचारलं होतं, तेव्हा आमचं सगळं खरोखरच चोख होतं. २०१४ मध्ये त्याने नोकरी सोडून स्वतःची छोटी कंपनी (एलएलसी) काढली, रेस्टॉरंटांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर. फेब्रुवारी २०१५ मध्ये पुण्यात माझ्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. नवरा चार महिने तिकडे. जाताना त्याने मुदतवाढीचा फॉर्म ४८६८ भरला, आणि टॅक्सचं काम झालं असं आम्ही दोघांनी समजून घेतलं.

मुदतवाढ मिळते ती रिटर्न भरायला, १५ ऑक्टोबरपर्यंत. टॅक्स भरायला मिळत नाही. तो ऑक्टोबर सासऱ्यांच्या आजारपणात गेला. पुढच्या वर्षी नवऱ्याची गाडी इथे अडली, की २०१४ चंच राहिलंय तर २०१५ चं कसं भरणार, तोट्याचे आकडे पुढे ओढायचे असतात. त्याच्या पुढच्या वर्षी दोन राहिलेली म्हणून तिसरं राहिलं. पैसे बुडवायचे म्हणून टॅक्स थकवणारी माणसं असतीलही. आमच्या घरी टॅक्स थकला तो लाजेपोटी. एक पाकीट उघडलं नाही, मग दुसरं उघडायचा धीर होईना.

२०१८ च्या उन्हाळ्यात मी एसएफ ८६ भरायला बसले. त्या प्रश्नापाशी थांबून नवऱ्याला हाक मारली, "आपलं टॅक्सचं सगळं झालंय ना रे?" स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "एक्स्टेंशन घेतलंय." ते खोटंही नव्हतं. २०१७ च्या रिटर्नला त्याने खरंच मुदतवाढ घेतली होती. मी 'नाही'वर क्लिक केलं आणि पुढच्या पानावर गेले.

सप्टेंबरमध्ये तपासनीस घरी आला. ओळखपत्र दाखवलं, चहा नको म्हणाला, पाणी घेतलं. मुलाखत एकट्याने द्यायची असते, म्हणून नवरा मुलाला घेऊन बागेत गेला होता. भारतातले नातेवाईक, प्रवास, जुने बॉस, शेजारी, असं करत करत तासाभराने त्याने अगदी सहज विचारलं, "शेवटचं रिटर्न कुठल्या वर्षाचं भरलंत?" मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला उत्तर माहीत नाही. सेहेचाळीस वर्षांची बाई, दोन डिग्र्या, बँकांचे डेटाबेस सांभाळलेली, आणि स्वतःच्या घराचं शेवटचं रिटर्न कधी गेलं ते ठाऊक नाही.

तो गेल्यावर नवऱ्याला तेच विचारलं. तो काही न बोलता उठला आणि देवघराखालचा कप्पा ओढला. वर फुलवातींची पिशवी, कापराचा डबा, जुनं कालनिर्णय. त्याखाली पाकिटं. मी मोजली, सत्तावीस. त्यातली एकोणीस फोडलेलीही नव्हती. पुष्कळशी आयआरएसच्या (इथल्या फेडरल टॅक्स खात्याच्या) सीपी ५९ नोटिशीची, म्हणजे 'तुमचं अमुक वर्षाचं रिटर्न आमच्याकडे आलेलं दिसत नाही' एवढंच सांगणारी. धमकी नाही, शिवी नाही. एका साध्या वाक्याला घाबरून आम्ही तीन वर्षं काढली होती.

आणि एक सांगते, या सगळ्या काळात माझा क्रेडिट स्कोअर कधी ७८० च्या खाली आला नाही. २०१८ च्या एप्रिलपासून टॅक्सचे लिन, म्हणजे थकबाकीपोटी मालमत्तेवर चढणारे बोजे, क्रेडिट रिपोर्टवर दिसेनासेच झाले, आणि न भरलेलं रिटर्न तर तिथे आधीही दिसत नव्हतं. त्यामुळे 'माझा स्कोअर आठशे आहे' हे आपलं लाडकं वाक्य टॅक्सच्या बाबतीत काडीच्या कामाचं नाही.

जानेवारी २०१९ मध्ये तिन्ही वर्षांची रिटर्न एका सीपीएकडून भरून घेतली. २०१४ मध्ये नवऱ्याच्या धंद्याला तोटा आणि माझा टॅक्स जास्त कापलेला, त्यामुळे त्या वर्षी सरकारच आमचं देणं लागत होतं. तीन हजारांवर डॉलर. पण रिफंड मागायची मुदत उलटली होती, ते पैसे गेले. बाकीच्या दोन वर्षांचा टॅक्स, दंड आणि व्याज मिळून १९ हजार ४०० डॉलर निघाले. रिटर्न वेळेत न भरल्याचा दंड महिन्याला ५ टक्के, २५ टक्क्यांपर्यंत चढतो. रिटर्न वेळेत भरून नुसते पैसे थकवले तर महिन्याला अर्धा टक्का. म्हणजे खिशात दमडी नसली तरी रिटर्न भरून टाकणं कितीतरी स्वस्त. हे आम्हाला २०१५ मध्ये कोणी सांगितलं असतं तर? सांगणार कोण, आम्ही कुणाकडे बोललोच नव्हतो.

इथवरची चूक निस्तरण्यासारखी होती. पुढची चूक मात्र आम्ही डोळे उघडे ठेवून केली.

रिटर्न गेली, आता पैसे हळूहळू बघू, असं आम्ही ठरवलं. हप्ते बांधून घेता आले असते. आयआरएस देते, पन्नास हजारांच्या आतलं देणं असेल तर ऑनलाइन घरबसल्या होतं. आम्ही ते उन्हाळ्यानंतरवर ढकललं, कारण मे महिन्यात पुण्यात नवऱ्याच्या भाचीचं लग्न होतं. तिघांची तिकिटं, ऐन सीझनमध्ये. अहेर वेगळा.

सप्टेंबर २०१९ मध्ये 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स' आलं. तुम्हाला क्लिअरन्स का देऊ नये याची कारणं, मुद्देवार, आणि उत्तराला वीस दिवस. मग मात्र आमची धावपळ उडाली. ऑक्टोबरमध्ये महिना चारशे डॉलरचा हप्ता बांधला. फेब्रुवारी २०२० मध्ये सुनावणी झाली तेव्हा जमेस चार हप्ते होते.

मी वकील केला नव्हता. समोर सरकारी वकील, वर न्यायाधीश, मी आणि माझी निळी फाइल. न्यायाधीश सभ्य होते, घाई अजिबात नव्हती. सरकारी वकिलांनी विचारलं, मे महिन्यात भारतात गेलात, तिकिटांचे किती झाले? मी आकडा सांगितला. त्या वेळी आयआरएसचं देणं किती होतं? तोही सांगितला. दोन आकडे शेजारी शेजारी उभे राहिले. मला सांगायचं होतं, की अहो, नवरा मुलीचा मामा आहे. मामाने हात धरून आणल्याशिवाय नवरी अंतरपाटापाशी येत नाही, आम्ही कसं टाळणार? मी ते माझ्या परीने सांगितलंही. पण त्या खोलीत ते 'कौटुंबिक सहल' असंच नोंदलं गेलं असणार, आणि खरं सांगायचं तर मामा एकटा जाऊ शकला असता. मी आणि मुलगा गेलो ते हौसेने.

मग न्यायाधीशांनी विचारलं, तीन वर्षांत एकदाही रिटर्न पाहायला मागितलंत का? मी म्हणाले, नवरा बघतो. ते शब्द माझ्याच कानाला कसे लागले ते आजही आठवतं. एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्यात जबाबदारी निम्मी निम्मी नसते, दोघांवरही पुरती असते.

निकाल विरोधात गेला. फॉर्मवर मुद्दाम खोटं लिहिल्याच्या आरोपातून मी सुटले, कारण मला खरोखर माहीत नव्हतं. टॅक्सच्या मुद्द्यावर नाही. रिटर्न भरली ती तपासनीस येऊन गेल्यावर, हप्ते सुरू केले ते नोटीस आल्यावर, आणि मधल्या काळात सहल केली. वीस-बावीस पानांच्या निकालाचा सारांश एवढाच. कंपनीने नोकरी संपवली, त्यांचं काम क्लिअरन्सशिवाय होण्यातलं नव्हतंच.

महिनाभर मी त्या निकालावर चिडून होते. मग संरक्षण खात्याच्या सुनावण्या आणि अपिलं चालवणारं जे कार्यालय आहे, डोहा, त्याचे जुने निकाल वाचायला लागले. नावं काढून ते सर्वांसाठी खुले ठेवलेले आहेत. रोज रात्री दोन-तीन वाचायची. शेकड्यांनी वाचले. त्यात महिनोन्महिने बेकार राहिलेली माणसं आहेत, कॅन्सरची बिलं आहेत, घटस्फोटात बुडालेली घरं आहेत, माझ्या दसपट कर्ज असूनही क्लिअरन्स टिकलेले लोक आहेत, आणि दोन हजार डॉलरांसाठी गमावलेलेही. आकड्याचा आणि निकालाचा मेळ लागेना. मेळ लागला तो तारखांचा. ज्याचं देणं आहे त्याला पहिला फोन कधी केला, कोणी सांगण्याआधी की सांगितल्यानंतर, हे जवळजवळ प्रत्येक निकालात कुठेतरी येतंच.

नियमांतही तेच आहे. नोकरी जाणं, धंदा बसणं, अचानक आलेलं आजारपण, मृत्यू, घटस्फोट, कोणी आपल्या नावावर काढलेलं कर्ज, हे सगळं समजून घ्यायची सोय आहे, पण अशा प्रसंगी तुम्ही जबाबदारीने वागलात का, हे विचारलं जातं. समुपदेशन घेतलंत तर त्याचं वजन आहे. प्रामाणिकपणे फेड चालू केलीत तर आहे. एखादं देणं मुळातच तुम्हाला मान्य नसेल आणि कागद तुमच्या बाजूने असतील तर तेही चालतं. टॅक्ससाठी तर वेगळं कलमच आहे, की संबंधित खात्याशी बोलून रिटर्नची वा पैशाची व्यवस्था लावली आहे आणि ती पाळली जाते आहे. सगळं फिटलेलं असलंच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही.

सरकारी हिशेब तपासणाऱ्या जीएओने २०१४ मध्ये एक अहवाल दिला. जून २०१२ च्या स्थितीनुसार, संरक्षण खात्यात क्लिअरन्स असलेल्या किंवा त्याला पात्र ठरलेल्या सुमारे ८३ हजार लोकांकडे मिळून ७३ कोटी डॉलरच्या वर फेडरल टॅक्स थकलेला होता. अहवालाचा सूर 'हे वेळेत कळायला हवं' असा होता, आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यातून दुसरंही दिसलं. थकबाकीने आपोआप दार बंद होत असतं तर हे ८३ हजार लोक आत नसते.

दुसऱ्या बाजूने, क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही. १९८८ च्या इगन खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयानेच तसं म्हटलंय. शंका उरली तर ती देशाच्या पारड्यात, तुमच्या नाही. फौजदारी कोर्टातला 'संशयाचा फायदा' इथे उलटा चालतो. आणि थोडं तिरकस बोलायची परवानगी द्या. २०१८-१९ च्या हिवाळ्यात याच सरकारने ३५ दिवस आपल्याच लोकांचे पगार थांबवले होते, आणि माझ्या ओळखीतले क्लिअरन्सवाले लोक क्रेडिट कार्डाची बिलं थकू नयेत म्हणून मित्रांकडून हातउसने घेत होते. असो.

आता भारतातल्या पैशाबद्दल. क्षमा करा, पण इथे आपली मंडळी शुद्ध थापा एकमेकांना ज्ञान म्हणून वाटतात.

'एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचं व्याज टॅक्स-फ्री असतं.' भारतात, होय. अमेरिकेत नाही. तुम्ही इथले नागरिक आहात, जगात कुठेही मिळालेलं व्याज इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. एनआरओचं (अनिवासींच्या भारतातल्या कमाईच्या खात्याचं), पतपेढीतल्या ठेवीचंही. भारतात टीडीएस कापला असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि इथलं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे बँकेचं सर्टिफिकेट जसंच्या तसं चालत नाही, दोन वर्षांची सर्टिफिकेटं तोडून जोडावी लागतात. कटकट आहे, मान्य. म्हणून तर लोक करत नाहीत.

दुसरी थाप: 'खातं आईचं आहे, माझं नुसतं नाव आहे.' माझ्या आईने सांगलीच्या सहकारी बँकेतल्या तिच्या ठेवींवर माझं नाव घातलं, ती गेल्यावर पळापळ नको म्हणून. वर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. तिच्या हिशेबी ती माया होती. इथल्या हिशेबी ते माझं परदेशी खातं. अशी सगळी खाती मिळून वर्षात एकदा जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचा परदेशी खात्यांचा अहवाल भरावा लागतो. तो टॅक्स नाही, नुसती माहिती आहे, रिटर्नपेक्षा वेगळी. न भरल्याचा दंड मात्र नुसता माहितीपुरता नाही. अलेक्झांड्रू बिटनर नावाच्या गृहस्थांना २७२ खात्यांचे अहवाल उशिरा दिले म्हणून २७ लाख २० हजार डॉलरचा दंड लावला होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंड खात्यामागे नव्हे, अहवालामागे धरायचा असं सांगितलं तेव्हा तो ५० हजारांवर आला. त्यांनी हेतुपुरस्सर काही केल्याचा आरोपही नव्हता.

आणि रिटर्नच्या शेड्यूल बी मध्ये खाली एक प्रश्न असतो, परदेशात खातं आहे का. तिथे 'नाही' लिहून खाली सही करायची, आणि नंतर एसएफ ८६ च्या विसाव्या विभागात, जिथे परदेशी खाती आणि मालमत्ता विचारतात, तिथे 'आहे' लिहायचं. दोन्ही कागद एकाच सरकारकडे. तपासनिसाला फार हुशार असायची गरज उरत नाही. भारताने २०१५ मध्ये अमेरिकेशी फॅटकाचा, म्हणजे खात्यांची माहिती कळवण्याचा, करार केल्यापासून तिथल्या बँकाही माहिती पाठवतात. केवायसीला गेल्यावर तुमचा इथला टॅक्स नंबर का मागतात, असं तुम्हाला वाटलं नव्हतं?

सातबाऱ्यावर वडिलांच्या मागे अकरा वारसांत तुमचं नाव लागलं असेल, तर तेही त्या विसाव्या विभागात येतं. पावणेदोन एकर, बांध भाऊबंदकीत अडकलेला, उत्पन्न शून्य, तरीही. ते कर्जात मोडत नाही, शीर्षक एफ मध्येही नाही. पण 'त्यात काय सांगायचं' म्हणून सोडून दिलेली गोष्ट दुसऱ्या कोणाकडून कळली की प्रश्न जमिनीचा राहत नाही.

अर्ज करायच्या आधी काय करावं, ते थोडक्यात. आयआरएसच्या साइटवर खातं उघडून दर वर्षीचा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे टॅक्सच्या नोंदींचा उतारा, फुकट काढता येतो. गेल्या सात वर्षांचे काढा, दोघांनी बसून बघा. व्हर्जिनियाचं रिटर्न १ मेला असतं, ते राज्याकडे वेगळं तपासा. काउंटीचा गाडीवरचा टॅक्सही टॅक्सच आहे, हसू नका, निकालांत दिसतो. तिन्ही क्रेडिट रिपोर्ट काढा. कोणासाठी जामीन म्हणून सही केली असेल तर ते कर्ज कुठवर आलंय ते विचारा. काही राहिलं असेल तर भरा, नाहीतर हप्ता बांधा, आणि हे सगळं फॉर्म भरण्याआधी. मग फॉर्मवर 'होय' लिहा आणि खालच्या चौकटीत काय झालं ते सरळ लिहा. आयआरएस दहा वर्षांनी वसुली सोडून देते म्हणून वाट बघत बसायचा सल्ला कोणी दिला तर त्याच्या हातचा चहा पिऊन उठा. देणं कायद्याने मेलं तरी ते 'फेडलं' असं इथे धरत नाहीत.

क्लिअरन्स मिळाल्यावरही विषय संपत नाही. पूर्वी पाच किंवा दहा वर्षांनी फेरतपासणी व्हायची, आता सततची यांत्रिक नजर असते. १२० दिवसांच्या वर काही थकलं किंवा दिवाळं निघालं तर आपण होऊन सिक्युरिटी ऑफिसरला सांगायचं असतं. त्यांना कळल्यावर नाही, आधी.

माझं पुढे काय झालं? नाकारल्यावर एक वर्ष थांबावं लागतं, शिवाय नव्याने कोणी कंपनी पाठीशी उभी राहावी लागते. आम्ही पुढची दोन वर्षं घट्ट काढली. नवऱ्याने धंदा बंद करून नोकरी धरली. २०२१ मध्ये शेवटचा हप्ता गेला. दुसऱ्या एका कंपनीने नाव पाठवलं, मी त्याच प्रश्नाला या वेळी 'होय' लिहिलं, दीड पानाचा मजकूर जोडला. २०२२ मध्ये क्लिअरन्स मिळाला. त्या वेळचा तपासनीस माझा मजकूर वाचून म्हणाला, मला विचारायला फारसं काही राहिलं नाही.

मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती. जानेवारीत हळदीकुंकू असतं, तिळगूळ असतो, बायका साठ-सत्तर जमतात. त्यातला एक तास मला द्या. उखाणे झाल्यावर द्या हवं तर. 'नवरा बघतो' म्हणणाऱ्या किती जणी आहेत ते मला हात वर करून बघायचंय, आणि पहिला हात मी वर करणार आहे.

आणि त्या जेवणाच्या रांगेतल्या भावाला: तुझं नाव मला माहीत नाही, पण तू हे वाचशील असं वाटतं. बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ मी ॲशबर्नच्या लायब्ररीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसते. बायकोला घेऊन ये. घरात एखादं न फोडलेलं पाकीट असेल तर तेही आण. पहिलं एकट्याने फोडवत नाही, मला माहीत आहे.

आपली,
सत्तावीस पाकिटांची मालकीण
लाउडन काउंटी, व्हर्जिनिया